जिंकूनही घसरलेला संघ

इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीचा, चॅम्पियनशिपचा २०१६-१७चा गुणतक्ता. एकविसावा नॉटिंगहॅम फॉरेस्ट : ५१ गुण, गोलफरक उणे १०. बाविसावा ब्लॅकबर्न रोव्हर्स : ५१ गुण, गोलफरक उणे १२. तळाचे तिघे खाली जातात. म्हणजे ४६ सामने खेळून दोन गोलांच्या फरकाने ब्लॅकबर्न तिसऱ्या श्रेणीत, लीग वनमध्ये गेला. १९९५ साली प्रीमियर लीग जिंकलेला हा क्लब २०१० पासून पुण्याच्या वेंकीजच्या मालकीचा. आम्हा पनवेलकरांना एक्स्प्रेसवेने ते गाव जवळचंच. मालकांवर ब्लॅकबर्नचे प्रेक्षक का चिडले, हा वेगळा विषय. मला खेळ बघायचा आहे.

७ मे २०१७. आपल्याकडे दुपारचे साडेचार. ब्रेंटफर्डच्या मैदानावर ब्लॅकबर्नने पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच दोन गोल केले, पहिला चार्ली मलग्र्यूचा. सामना ३-१ असा जिंकला. पण फॉरेस्टनेही इप्सविचला ३-० हरवलं होतं. आपला सामना जिंकायचा आणि शिक्षाही भोगायची, असं नाट्य वरच्या झगमगाटात क्वचितच दिसतं. गोलफरकात कमी पडलेल्या दोन गोलांचं कर्ज त्या रविवारचं नव्हतंच. हिवाळ्यातल्या एखाद्या कंटाळवाण्या संध्याकाळी, सामना हातचा गेल्यावर सैल सोडलेला एखादा गोल मे महिन्यापर्यंत जिवंत राहतो. खालच्या श्रेणीची गोडी मला इथे सापडते : तिथे कुठलाच गोल फुकट जात नाही.

पुढचा मोसमही असाच वाचावा. लीग वनमध्ये पहिले दोन्ही सामने ब्लॅकबर्न हरला; दुसरा तर घरच्या ईवूड पार्कवर, डॉन्कास्टरकडून १-३. प्रशिक्षक टोनी मोब्रे डगमगले नाहीत. ब्रॅडली डॅक मधल्या फळीतून पुढे घुसत राहिला आणि संघ वर सरकत गेला. कुठे कुठे खेळावं लागलं! ऑक्सफर्डच्या मैदानाला तीनच बाजूंना प्रेक्षागृह, चौथी बाजू उघडी.

२४ एप्रिल २०१८ला पुन्हा डॉन्कास्टर, या वेळी त्यांच्या घरी. पनवेलमध्ये मध्यरात्र उलटून गेलेली. गोलशून्य बरोबरी लांबत चालली होती. शेवटच्या टप्प्यात गोल झाला आणि तो केला मलग्र्यूने, बचावपटूने! १-०, आणि बढती पक्की. मोसमाअखेर विगन ९८ गुणांसह पहिला, ब्लॅकबर्न ९६ गुणांसह दुसरा. ज्यांनी ऑगस्टमध्ये घरात येऊन हरवलं, त्यांच्याच मैदानावर वर जाण्याचा दरवाजा उघडावा, ही रचना कुणी ठरवून केलेली नाही, म्हणूनच मला ती मोलाची वाटते.