वीतभर पक्षी, बोटभर लाली

बुगुन लिओसिचलाचं छायाचित्र पहिल्यांदा पाहाल तर फसाल. वीतभराचा जीव, करडं-शेवाळी अंग, डोक्यावर काळी टोपी. आपल्या सातभाईंचा कुणी पहाडी चुलतभाऊ असेल, म्हणून नजर पुढे सरकते. (नातं खोटंही नाही, दोघांचं कुळ एकच.) मग चोच आणि डोळा यांच्यामधला केशरी-पिवळा ठिपका दिसतो, टिकलीएवढा. मग मिटलेल्या पंखातला पिवळा, लाल आणि जरासा पांढरा. शेवटी काळी शेपटी, आणि तिच्या टोकांना नि खालच्या अंगाला उतरलेली लाली. इरकली लुगडं जवळून पाहिलेल्यांना ही तऱ्हा ओळखीची वाटेल: अंगात साधेपणा, सगळी श्रीमंती काठापदराला. हाच लाल अंगभर माखला असता तर पक्षी नुसता भडक झाला असता.

त्याचं घर अरुणाचलच्या पश्चिम कामेंग जिल्ह्यात, ईगलनेस्ट अभयारण्याच्या परिसरात, २००० मीटरच्या वर. खड्या उताराची रानं, झुडपांची दाटी. तिथल्या धुक्यात करडं अंग विरून जात असेल आणि ते चार ठिपके तेवढे फांदीवरून फांदीवर जात असतील, असं मी आपलं मनाशी रंगवतो.

तो प्रथम दिसला १९९५ मध्ये, रमणा अत्रेय यांना. पुण्यात रेडिओ दुर्बिणींचं विज्ञान करणारा हा माणूस. पुरेशा खुणा हाती येईपर्यंत दहा वर्षं थांबला. नवी जात जाहीर करायची तर एक पक्षी मारून संग्रहालयात ठेवायचा, हा जुना शिरस्ता. पण ठाऊक असलेले पक्षी इतके मोजके, की एक कमी करणंही अत्रेयांना परवडणारं वाटलं नाही. जाळ्यात आलेल्या पक्ष्याची मापं घेतली, छायाचित्रं काढली, गळालेली पिसं जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिला. २००६ मध्ये एवढ्या पुराव्यावर जात जाहीर झाली. मला त्या पंखाइतकीच ही सुटकाही देखणी वाटते.

आता नाव. शास्त्रीय नावातलं ‘बुगुनोरम’ हे लॅटिनमधलं षष्ठीचं अनेकवचन: बुगुनांचा. बुगुन ही तिथली जमात. शोधणाऱ्याने स्वतःचं नाव चिकटवलं नाही, थोरामोठ्याचंही नाही. विभक्ती लावली ती रानाच्या मालकांच्या नावाला. त्या मालकांनी, सिंगचुंगच्या बुगुन गावकऱ्यांनी, २०१७ मध्ये आपल्या जंगलातलं १७ चौरस किलोमीटर या पक्ष्यासाठी राखीव करून दिलं.