चित्र देखणे, पण वास्तू कळते का?

जुन्या देवळा-मशिदींची रेखाटने आता प्रदर्शनांत आणि जाडजूड चित्रग्रंथांत बरीच दिसतात. मान मात्र एकाच प्रकाराला मिळतो: इंग्रज चित्रकार थॉमस आणि विल्यम डॅनियल यांच्या निसर्गरम्य दृश्यांना. 1795 ते 1808 या काळात निघालेल्या ‘ओरिएंटल सीनरी’तली 144 ॲक्वाटिंट चित्रे देखणी आहेत, यात वाद नाही. पण तिथे वास्तू देखाव्यापुरती येते. खांबावर तुळई कशी टेकली, हे चित्रकाराला सांगायचेच नसते.

इमारत उलगडते का, ही कसोटी लावली की प्रतवारी बदलते. मध्य प्रदेशातल्या भोजपूरला अकराव्या शतकातले शिवमंदिर अपुरे राहिले. त्याच्या आसपासच्या खडकांवर तलविन्यास, खांब, शिखराची वळणे कोरलेली आहेत. ती रसिकासाठी नाहीत, पाथरवटासाठी आहेत. म्हणूनच नेमकी आहेत. बंगळुरूचे न्यायाधीश राम राझ यांच्या ग्रंथात (1834) हीच दृष्टी छापील पानावर आली. ‘मानसार’ हा जुना शिल्पग्रंथ वाचून, कारागिरांना विचारून त्यांनी 48 चित्रफलकांतून पीठ, स्तंभ, विमान यांची प्रमाणे मांडली. उणीव एवढीच, की हे शास्त्रातले देऊळ आहे. गावोगावचे प्रत्यक्ष देऊळ त्या मापात क्वचितच बसते.

पुण्याच्या गंगाराम तांबटाकडे पाहताना हीच कसोटी उपयोगी पडते. पेशवे दरबारातले इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी त्याने 1790च्या दशकात वेरूळ आणि कार्ल्याची लेणी रेखाटली. त्यातली बरीच रेखाटने आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. वेरूळचा गाजलेला संग्रह मात्र 1803 साली लंडनमध्ये निघाला, तो जेम्स वेल्स यांच्या चित्रांवरून आणि थॉमस डॅनियल यांच्या देखरेखीखाली. युरोपीय यथार्थदर्शनाची पट्टी लावून गंगारामला कच्चा ठरवणे सोपे आहे. पण वेरूळचे कैलास लेणे वरून खाली खोदत नेलेले. एका जागी उभे राहून ते सगळे दिसतच नाही. तिथे एका डोळ्याचे यथार्थदर्शन हाच आदर्श कशासाठी?

मशिदी-मकबऱ्यांच्या बाबतीत छेदचित्राने, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखी दाखवणाऱ्या आरेखनाने, मोठे काम केले. विजापूरवरचा 1859चा संग्रह कॅप्टन हार्ट, कमिंग आणि एतद्देशीय आरेखकांनी तयार केला. संपादक जेम्स फर्ग्युसन. तिथल्या गोल घुमटाखाली उभे राहिले की फक्त पोकळी जाणवते. उभा छेद आणि तलविन्यास शेजारी ठेवले, की एकमेकींना छेदणाऱ्या कमानी चौकोनाला वर्तुळाकडे कशा नेतात आणि सुमारे 38 मीटर व्यासाचा घुमट कसा पेलतात, ते ध्यानात येते.

मोजलेले रेखाटनही निर्दोष नसते. अंबरनाथसारख्या देवळाचा कोनाकोनांनी पुढे-मागे होणारा बाह्यभाग नुसत्या दर्शनी आलेखात चपटा होतो. सोबत तलविन्यास नसेल तर निम्मे देऊळ हरवते. आजचे लेसर स्कॅनर मिलिमीटरपर्यंत मापे घेतात, पण भार वाहणारा दगड आणि नुसता नक्षीचा दगड त्यांच्या लेखी सारखेच. तो भेद आरेखकाला कळावा लागतो, म्हणजे काय वगळायचे हे आधी ठरवावे लागते. आपली प्रदर्शने डॅनियलचे रंगीत फलक भिंतीवर लावतात आणि छेदचित्रे कपाटात ठेवतात. हा क्रम उलटा केल्याशिवाय या कलेचे मूल्यमापन सजावटीच्या पुढे जाणार नाही.