अमीबातील पचन आणि ‘नियामक’ प्रथिने : एक परीक्षण

अमीबा अन्नकणाभोवती आपले पटल वळवतो, त्याची पुटिका होते, ती पेशीत फिरते आणि तिच्यात पचन घडते, हे वर्णन आता सर्वपरिचित आहे. या प्रवासाचा प्रत्येक टप्पा विशिष्ट प्रथिनांच्या स्वाधीन असतो, असे अलीकडील संशोधन सांगते. हे मत सामान्यतः ग्राह्य आहे. परंतु या प्रथिनांना सरसकट ‘नियामक’ म्हणणे कितपत युक्त आहे, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रचलित युक्तिवाद असा : एक जनुक नष्ट करावे, पचन बिघडले, तर त्या जनुकाचे प्रथिन पचनाचे नियामक ठरवावे. वस्तुतः एवढ्याने त्या प्रथिनाची आवश्यकता सिद्ध होते, नियमन नव्हे. मोटेचा नाडा तुटला की पाटाचे पाणी थांबे. तेवढ्यावरून नाड्याला कोणी दारे धरणारा म्हणत नसे.

डिक्टिओस्टेलियम या मातीतील अमीबाचे उदाहरण घेऊ. त्याच्या पुटिकेत हायड्रोजन अयनांचे पंप काही मिनिटांतच दाखल होतात व आतील द्रव आम्ल होतो. पचनानंतर हे पंप काढून नेले जातात, आम्लता जाते आणि अवशेष बाहेर टाकले जातात. पंप काढून नेण्यासाठी ‘वॉश’ हे प्रथिन पुटिकेवर ॲक्टिनचे तंतू उभारते, असे २०११ साली दाखविण्यात आले. ते नसल्यास पंप तेथेच राहतात, आम्लता टिकते व अवशेष बाहेर पडत नाहीत. हा पुरावा उत्तम आहे. परंतु तो ‘वॉश’ला कर्ता ठरवितो. पंप काढण्याची वेळ झाली, हे कोण ठरविते, हा प्रश्न उरतोच.

याउलट ‘रॅब’ व ‘रॅस’ या वर्गांतील प्रथिनांना सक्रिय आणि निष्क्रिय अशा दोन अवस्था असतात, आणि त्या पालटणारी प्रथिने निराळी असतात. नियामक ही संज्ञा खऱ्या अर्थाने या पालटविणाऱ्यांना शोभते. ‘एनएफ-१’ हे त्यांपैकीच एक. ते ‘रॅस’ला आवर घालते. जीवाणूंवाचून केवळ द्रव माध्यमात वाढणाऱ्या डिक्टिओस्टेलियमच्या प्रयोगशालेय वाणांत नेमके हेच प्रथिन नाहीसे झालेले आहे, असे २०१५ साली आढळले. त्यामुळे हे वाण अतिमोठे घोट घेतात. रानटी वाणही द्रव पितात व समृद्ध माध्यमात त्यावर वाढू शकतात. म्हणून ही क्रिया कृत्रिम नव्हे, तिचे प्रमाण मात्र बिघडलेले आहे. नियमनाचा अभ्यास एक नियामक गमावलेल्या प्राण्यावर चालावा, ही विसंगती उपेक्षणीय नाही.

‘वॉश’ आणि ‘एनएफ-१’ मानवी पेशींतही आहेत, आणि ‘एनएफ-१’च्या जनुकातील दोषाने मनुष्यास मज्जातंतूंवर गाठी येणारा रोग जडतो. अमीबावरील अनुमाने मनुष्यास लागू करण्यापूर्वी दोन कसोट्या लावाव्यात. पहिली, जीवाणूंवर पोसलेल्या रानटी वाणात तोच परिणाम दिसावा. दुसरी, प्रथिनाची क्रियाशीलता कमीअधिक केल्यास पचनाची गती वा वेळ त्या मानाने बदलावी. या कसोट्या उतरेपर्यंत ‘आवश्यक’ हा साधा शब्दच अधिक प्रामाणिक होय.