आमच्या कथेत मूल कुठे आहे?

मुस्लिम मराठी कथेत तलाक भरपूर आला. 1966 साली हमीद दलवाईंनी सात स्त्रियांचा मोर्चा मुंबईत नेला, तेव्हापासून या विषयाने आमच्या लेखकांना सोडलेले नाही. मेहरुन्निसा दलवाईंच्या ‘मी भरून पावले आहे’ या आत्मकथनाने त्या लढ्याची घरातली बाजूही मराठीत आणली. हे ऋण आम्ही मानतो. तरीही आमच्या वाचनातल्या बहुतेक कथा एका ठरलेल्या जागी थांबतात. शोहर तीनदा तो शब्द उच्चारतो, बाई पेटी उचलते, मूल पदर धरून रडते आणि कथा संपते. खरा प्रश्न तिथून सुरू होतो. मूल कोणाकडे राहणार?

‘निकाह’ (1982) हा चित्रपट आमच्या घराघरांत पाहिला गेला. त्यातल्या नायिकेला मूल नाही, म्हणून तिला दोन्ही पुरुषांना सुनावता आले. कडेवर मूल असते तर तिची जीभ इतकी मोकळी राहिली असती का?

सुधारणावादी लेखक म्हणतो, शरियत आईकडून मूल हिसकावते. परंपरेचा कैवारी म्हणतो, शरियतने आईला हक्क दिलाच आहे. दोघेही अर्धेच सांगतात. हनफी मतानुसार ‘हिजानत’, म्हणजे संगोपनाचा हक्क, मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईचा. ‘विलायत’, म्हणजे पालकत्व, मात्र बापाचे. मग त्या मुलाच्या सातव्या वाढदिवसाला घरात काय होते? ही एक रात्र आमच्या एकाही कथाकाराने लिहिल्याचे आम्हाला आठवत नाही.

कायदा मात्र वयापाशी थांबत नाही. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम 17 नुसार न्यायालय मुलाचे कल्याण पाहते. वय, धर्म, पालकाची लायकी आणि समज आली असल्यास मुलाची मर्जीही विचारात घेते. 2025 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नऊ वर्षांच्या मुलाचा ताबा मुस्लिम आईकडे ठेवला. खालच्या न्यायालयाचा निकाल तिच्या विरुद्ध होता. व्यक्तिगत कायदा आणि मुलाचे हित यांत हित वरचढ, असे न्यायालयाने मानले. याचा अर्थ प्रत्येक आई जिंकेल असा नव्हे. बापाचे प्रेमही खरे असू शकते, आणि आमच्या कथेतला बाप मात्र कायम खलनायकच असतो.

कौटुंबिक न्यायालय हे सिनेमातले कोर्ट नव्हे. 1984 च्या कायद्यानुसार तिथे वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. आधी समेटाचा प्रयत्न होतो, समुपदेशक बसवून बोलतात. ‘तुला कोणाकडे राहायचंय?’ असे विचारल्यावर मूल आधी कोणाच्या तोंडाकडे पाहते, यातच एक कथा आहे. भेटीच्या दिवशी बापाने आणलेला नवा शर्ट घरी गेल्यावर कुठे लपवायचा, यात दुसरी.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. हे मूल आम्हाला हजेरीपटात भेटते. बाप दाखला मागायला येतो, दुसऱ्या दिवशी आई कोर्टाचा कागद घेऊन येते. पालकसभेची चिठ्ठी वाटली की ते मूल ती दप्तरात खोल घालते. वर्गात त्याला ‘मेरा घर’ या विषयावर दहा जुमले लिहायला सांगताना आमचाच खडू थांबतो.

18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. सहा जिल्ह्यांतल्या आईबापांना अपिलासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. आमच्या कथाकारांना तर तेवढाही प्रवास नाही. न्यायालयाच्या व्हरांड्यात एक दिवस बसावे, आईबापांचे ऐकावे, आणि मग त्यांच्यामध्ये बसलेल्या मुलाच्या उंचीवरून कथा लिहावी.