‘मून’ : विडंबन आणि त्यापलीकडे

रूढ कलाप्रकाराचे विडंबन करणे तुलनेने सोपे असते. त्या प्रकाराने गृहीत धरलेली मूल्ये तपासून त्यांतूनच नवी रचना उभी करणे कठीण. व्हिडिओ खेळांच्या समीक्षेतही हा भेद करावा लागतो. लव्ह-दे-लिक या जपानी संस्थेचा ‘मून’ हा खेळ ऑक्टोबर १९९७ मध्ये प्लेस्टेशन या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. त्याला ‘भूमिका-खेळविरोधी खेळ’ म्हणण्याचा प्रघात आहे. हे वर्णन चुकीचे नसले तरी अपुरे आहे, असे दाखविण्याचा येथे हेतू आहे.

‘ड्रॅगन क्वेस्ट’ने (१९८६) जपानमध्ये भूमिका-खेळाचे जे संकेत दृढ केले, त्यांत नायकाने राक्षस मारावेत, त्याबद्दल अनुभवाचे गुण मिळवावेत आणि त्या गुणांनी अधिक बलवान व्हावे, हा क्रम मुख्य आहे. वाटेत लागणाऱ्या घरांत शिरून नायकाने कपाटे धुंडाळली, तरी त्याला कोणी हटकत नाही. ‘मून’मधील मुलगा आरंभी असाच एक खेळ खेळत असतो. पुढे तो दूरचित्रवाणी संचातून त्याच खेळाच्या जगात ओढला जातो. परंतु नायक म्हणून नव्हे. तेथे तो अदृश्य आहे. एक अंध वृद्धा त्याला आपला नातू समजून आसरा देते. चिलखतधारी नायकाचा पराक्रम आता त्या जगाच्या रहिवाशांच्या बाजूने दिसू लागतो : पराक्रम म्हणून जे मोजले जात होते, ती निरुपद्रवी प्राण्यांची कत्तल ठरते.

येथवर हे विडंबनच आहे. ‘मून’चे वेगळेपण त्याच्या नियमांत आहे. मुलाने मेलेल्या प्राण्यांचे आत्मे शोधून त्यांची सुटका करावयाची आणि गावकऱ्यांचे मन जाणून घ्यावयाचे. त्यातून मिळते ते ‘प्रेम’. प्रेम वाढले की जागे राहण्याची शक्ती वाढते. वेळेवर झोप घेतली नाही तर खेळ संपतो. प्रत्येक प्राण्याची सवय निराळी, प्रत्येक गावकऱ्याचा आठवड्याचा क्रम ठरलेला. त्यामुळे येथे शस्त्रापेक्षा निरीक्षण व प्रतीक्षा यांना महत्त्व येते. दुसऱ्याकडे लक्ष देणे हा केवळ उपदेश न राहता खेळाडूची प्रत्यक्ष कृती होते.

तथापि एक आक्षेप घ्यावयास हवा. प्रेमही येथे आकड्यांतच मोजले जाते. अनुभवाच्या खतावणीऐवजी प्रेमाची खतावणी उघडली, एवढ्याने हिशेबी वृत्ती जात नाही; खेळाडू गावकऱ्याच्या दुःखाकडेही प्राप्तीचे साधन म्हणून पाहू लागतो. हा दोष खरा आहे. मात्र खेळाचा शेवट त्याची दखल घेतो, असे मला वाटते. इतके प्रेम जमवूनही चंद्रावरील दार उघडत नाही, आणि तेथे पोचलेला नायक पुन्हा संहार करतो. त्यानंतर खेळ पुढे चालू ठेवावयाचा काय, असा प्रश्न येतो. ‘होय’ म्हणणारा आरंभाकडे परततो. ‘नाही’ म्हणणाऱ्यालाच मुलाने आपल्या खोलीचे दार उघडलेले दिसते. जमविलेल्या बेरजेने जे साधले नाही, ते बेरीज थांबविल्याने साधते.

त्याच वर्षी, त्याच यंत्रावर, जानेवारीत ‘फायनल फँटसी ७’ आला होता. त्याची कीर्ती जगभर पसरली. ‘मून’ मात्र २०२० पर्यंत इंग्रजीत आलाच नाही. मधल्या काळात ‘अंडरटेल’ने (२०१५) न मारण्याचा पर्याय जगापुढे ठेवला, आणि तो अनेकांना अपूर्व वाटला. भाषांतराच्या अभावी एखाद्या कलाप्रकाराचा इतिहास कसा चुकीचा लिहिला जातो, याचे हे बोलके उदाहरण होय. ‘मून’ला त्या इतिहासात स्थान द्यावयाचे ते केवळ अग्रक्रमाच्या मानासाठी नव्हे, खेळाडूने खेळ केव्हा थांबवावा, हा प्रश्न इतक्या प्रामाणिकपणे विचारणारे खेळ आजही विरळा आहेत, म्हणून.