कागदावरचा शिक्षक : सेगोव्हियासंपादित सोर यांचे वीस अभ्यास

क्लासिकल गिटार शिकायला लागलात की केव्हातरी एक पातळ पुस्तक तुमच्या हाती येते. फेर्नांदो सोर (1778–1839) या स्पॅनिश संगीतकाराच्या रचनांमधून आंद्रेस सेगोव्हिया यांनी निवडलेले वीस अभ्यास त्यात आहेत. ते 1945 मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रकाशित झाले. ‘अभ्यास’ म्हणजे एखादे तंत्र हातात बसावे म्हणून लिहिलेली, पण मैफलीतही वाजवता येईल अशी छोटी रचना. या पुस्तकातली निवड उत्तम आहे. शिक्षक म्हणून मात्र ते अपुरे आहे, असे माझे मत आहे. ते उत्तरे देते, कारणे देत नाही.

उत्तरे म्हणजे बोटयोजना. गिटारवर एकच स्वर अनेक जागी मिळतो. पहिल्या मोकळ्या तारेचा ‘ई’ दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या पडद्यावरही आहे. उंची तीच, नाद वेगळा. खालच्या तारेवर जाल तसा कंप पावणारा भाग आखूड होतो, वरचे स्वरांश लवकर विरतात आणि आवाज गोल, काहीसा मंद होतो. शिवाय मोकळ्या तारेवर डाव्या हाताने स्वर हलवता येत नाही, दाबलेल्या तारेवर येतो. त्यामुळे स्वराशेजारी वर्तुळात छापलेला तारेचा क्रमांक ही नुसती सोय नसते, तो संपादकाने घेतलेला सौंदर्यनिर्णय असतो. शिकणारा मात्र तो सोर यांचाच समजून पाठ करतो.

पाचवा अभ्यास घ्या. मुळात तो सोर यांच्या ओपस 35 मधला 22 वा. ज्या संग्रहाला त्यांनी ‘अतिशय सोपे’ म्हटले, त्यातला! बोटे सलग चालत राहतात आणि त्या चालण्यातून वरची धून, खालचा खर्ज आणि मधली साथ वेगवेगळी ऐकू यावी लागते. आज बहुतेक शिक्षक ही धून उजव्या हाताच्या अनामिकेकडे देतात. सोर मात्र अनामिका शक्यतो टाळत. 1830 च्या आपल्या पद्धतीग्रंथात त्यांनी हाताच्या रचनेवरून आणि बोटांच्या लांबीवरून तसा युक्तिवाद मांडला आहे. ते नखेही वापरत नसत. त्यांचे मित्र आग्वादो नखांनी वाजवत, तरी दोघांनी एकत्र वाजवावे म्हणून सोर यांनी युगुलरचना लिहिली. म्हणजे मतभेद राखूनही सोबत वाजवता येत होते. सोर यांच्याशी तुम्ही असहमत होऊ शकता, कारण ते कारण सांगतात. सेगोव्हियांच्या आकड्याशी वाद कसा घालणार?

वर्गातही चित्र फारसे वेगळे नव्हते. 1986 मध्ये, वयाच्या 93 व्या वर्षी, लॉस एंजेलिसमधल्या एका मास्टरक्लासमध्ये एका तरुण वादकाने बोटयोजना बदलली म्हणून सेगोव्हिया सर्वांसमोर त्याच्यावर चिडले. इटलीत सिएना येथे त्यांच्याकडे शिकलेल्या जॉन विल्यम्स यांनीही पुढे त्यांच्या शिकवण्यातल्या अनुकरणाच्या आग्रहावर उघड टीका केली. आणि याच विल्यम्स यांनी हे वीस अभ्यास ध्वनिमुद्रितही केले आहेत. ते जरूर ऐका.

आपल्याकडे गुरूची नक्कल ही पहिली पायरी मानतात, आणि त्यात काही गैर नाही. नवशिक्याला चार पर्याय एकदम दिले तर तो एकही धड वाजवणार नाही. पण तालमीत गुरू समोर असतो, तुमचा हात पाहून तो जागा बदलतो. छापलेला आकडा तुमचा हात पाहत नाही. सेगोव्हियांचे हात मोठे आणि बोटे जाड होती. तुमचे तसे असतीलच असे नाही. (उत्तरपत्रिकेत पायऱ्या न लिहिता फक्त उत्तर लिहिणाऱ्याला आम्ही अभियांत्रिकीत गुण देत नाही, इथे संपादकाला मात्र पैकीच्या पैकी मिळतात.)

म्हणून हे पुस्तक वापरा, पण सोर यांची मूळ आवृत्ती शेजारी ठेवून. एखाद्या ओळीत तार बदलायला सांगितली असेल तर ती ओळ दोन्ही तारांवर वाजवून शिक्षकांना ऐकवा आणि विचारा, ‘सर, इथे दुसरी तार का?’ ते वाजवून दाखवतील, किंवा थोडा वेळ मागतील. ‘पुस्तकात तसे आहे’ एवढेच म्हणाले, तर पुढच्या तासाला तोच प्रश्न पुन्हा घेऊन जा.