तुकडी कुणाच्या सोयीसाठी?

डिसेंबरच्या सुट्टीत घरी दोन चित्रपट पाठोपाठ पाहिले. एक इथला, जॅक निओ यांचा 'आय नॉट स्टुपिड'. दुसरा आपल्याकडचा, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'दहावी फ'. दोन्ही २००२ सालचे. एकाच वर्षी, इतक्या दूरच्या दोन ठिकाणी, एकाच विषयावर चित्रपट निघावेत याचे आधी नवल वाटले. मग वाटले, नवल कसले? शेवटच्या तुकडीतली मुले दोन्हीकडे होतीच.

निओंच्या चित्रपटातले तीन मित्र 'ईएम ३' मधले. इथल्या प्राथमिक शाळेत तेव्हा चौथीनंतर मुलांची ईएम १, २ आणि ३ अशी वाटणी होई. टेरी श्रीमंताघरचा, आईच्या शब्दाबाहेर नसलेला. बून हॉक आईला खाण्याच्या गाळ्यावर हातभार लावणारा. कोक पिन सुरेख चित्रे काढणारा, पण गणितात मागे. आणि गुण कमी पडले की त्याची आई छडी उचलते.

या वाटणीचा उगम दुष्टपणात नव्हता, हे सांगायला हवे. गोह केंग स्वी यांच्या १९७९ च्या अहवालापुढचा प्रश्न खरा होता: सगळ्यांना एकाच वेगाने दोन भाषा शिकवताना पुष्कळ मुले मागे पडत होती, शाळा सोडत होती. प्रत्येकाला त्याच्या गतीने शिकू द्यावे, हा उपाय. शाळा सोडणाऱ्यांचे प्रमाण पुढे खरोखरच घटले. म्हणजे सुरुवात मुलांच्या गरजेपासूनच झाली होती. मग बिनसले कुठे?

माझ्या धंद्यातला एक साधा नियम इथे उपयोगी पडतो. आम्ही माहितीची वर्गवारी करतो ती शोधणाऱ्याच्या सोयीसाठी. ज्या नोंदीची वर्गवारी होते, तिला त्याचे काही नसते. मुलांचे मात्र तसे नाही. आपण कितव्या खणात आहोत हे मुलाला कळते, आणि ते त्या खणाच्या मापाचे होऊ लागते. शोधणारे मोठेच असतात. १९९२ पासून माध्यमिक शाळांच्या क्रमवाऱ्या प्रसिद्ध होऊ लागल्या, तेव्हा शाळांना क्रमांक हवा होता, शिकवणीवाल्यांना गिऱ्हाईक हवे होते, आणि आपल्याला, म्हणजे पालकांना, चारचौघांत सांगायला नाव हवे होते.

'आय नॉट स्टुपिड' या सगळ्यांची हजेरी घेतो, म्हणूनच तो इथे इतका गाजला. तरी माझी एक तक्रार आहे. शेवटाकडे कोक पिनच्या आईला रक्ताचा कर्करोग होतो, आणि टेरीची अस्थिमज्जा तिला जुळते. शिवाय चित्रकलेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो दुसरा येतो. डोळे पाणावतात, पण मनात येते, मित्राने आईचा जीव वाचवला नसता आणि पोराने नंबरही काढला नसता तर? गुणांच्या शर्यतीवर टीका करणारा चित्रपट आपल्या नायकाला अखेर एक क्रमांक देऊनच सोडवतो. मूल मोठ्यांच्या उपयोगी पडले की मोठे त्याला माफ करतात.

'दहावी फ' या बाबतीत एक पाऊल पुढे आहे. सतत हिणवली गेलेली 'फ' तुकडीची मुले शाळेची मोडतोड करतात. अतुल कुलकर्णींनी उभे केलेले शिक्षक त्यांना पाठीशीही घालत नाहीत आणि हाकलूनही देत नाहीत. झालेले नुकसान तुम्हीच भरून काढा, असा मार्ग ते दाखवतात. मुलांना दया मिळत नाही, जबाबदारी मिळते. इथे कुणाचा नंबर येण्याची गरज पडत नाही. मात्र एक गोष्ट खटकते: सगळे ओझे एका भल्या शिक्षकाच्या खांद्यावर. तो नसेल त्या शाळेचे काय? मी स्वतः 'अ' तुकडीत होतो. आमच्याच शाळेतल्या 'फ'च्या मुलांपैकी एकाचेही नाव आज मला आठवत नाही. सहा वर्षे एका छपराखाली होतो.

इथल्या शिक्षण खात्याने बरेच बदल केले. प्राथमिक शाळेतली ही वाटणी २००८ मध्ये गेली. शाळांचे निकालावर आधारित गट २०१२ मध्ये बंद झाले. २०२१ पासून पीएसएलईचे गुण चार विषयांचे मिळून ४ ते ३२ असे मोजतात, कमी तितके चांगले. २०२४ च्या तुकडीपासून माध्यमिक शाळेतले 'एक्स्प्रेस' आणि 'नॉर्मल' हे प्रवाहही इतिहासजमा झाले. पण नवी पद्धत आल्याबरोबर पालकांनी आधी काय केले? कुठल्या शाळेला किती गुण लागतात याची कोष्टके पाठ केली. शिडी काढून घेतली तर आम्ही घरी दुसरी बनवली.

'आम्ही' म्हटले ते जाणूनबुजून. आमच्या चिरंजीवांना यंदा माध्यमिक शाळा मिळाली. साधी, मोठे नाव नसलेली. संक्रांतीच्या कार्यक्रमात एका स्नेह्यांनी विचारले, "कुठली शाळा मिळाली?" मी म्हणालो, "घराजवळचीच. सोयीची आहे." आणि विषय बदलला. मुलगा हातात तिळगूळ घेऊन शेजारीच उभा होता. परतताना बसमध्ये त्याने विचारले, "बाबा, तू माझ्या शाळेचं नाव का नाही सांगितलंस?"

शाळेत त्याचे बरे चालले आहे. त्याला शाळा आवडते, मित्र मिळाले आहेत, विज्ञानाच्या बाईंचे तर नाव सारखे तोंडी असते. गरज होती ती भागली होती. भागली नव्हती ती माझी.

शाळा मुलांसाठी की मोठ्यांसाठी, हा प्रश्न आपण खात्याला जरूर विचारावा. पण मोठ्यांच्या यादीत पहिले नाव आपले आहे, हे विसरून चालणार नाही. पुढच्या कार्यक्रमात कुणी विचारले तर मी शाळेचे नाव सांगणार आहे. तुम्हीही मुलांना शाळेचे नाव विचारण्याआधी, तिथे काय आवडते ते विचारून पाहा.